'पाच वर्षं थांबा' म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या आयांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: "मूल उशिरा चालतंय म्हणून घाबरू नका. पाच वर्षांपर्यंत आपोआप चालतं. रोज कडक मालीश करा, वॉकरमध्ये बसवा. दोष मेंदूत असेल तर पायाच्या व्यायामानं काय होणार? फिजिओथेरपी म्हणजे पैसे काढायचा धंदा." मी त्याच धंद्यातली. हवं तर माझ्यावर विश्वास ठेवू नका, पण मुद्दे बघा.

पाच वर्षांचं म्हणणं थोडं खरं आहे. काही घरांत सगळीच पोरं उशिरा चालतात आणि धडधाकट निघतात. पण 9 महिन्यांनंतरही मूल बसत नसेल, 18 महिन्यांनंतरही आधाराशिवाय चालत नसेल, तर दाखवायलाच हवं. एक खूण तर घरात कौतुकानं सांगतात: "आमचा डावखुरा हाय!" वर्षाच्या आत मूल एकच हात वापरत असेल, तर दुसरा का मागं राहतोय ते तपासून घ्या. आणि येत असलेली गोष्ट बंद पडली तर अजिबात थांबू नका.

सेरेब्रल पाल्सीत, म्हणजे लहानपणी मेंदूला इजा होऊन हालचालीला त्रास होतो त्यात, हा हिशेब उलटाच आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओत 657 मुलांच्या हालचाली मोजून 2002 मध्ये आलेख प्रसिद्ध झाले. कमी त्रास असलेली मुलं बसणं, उभं राहणं, चालणं यांत आपल्या आवाक्यातली सुमारे 90 टक्के मजल पाचव्या वर्षापर्यंत मारतात. जास्त त्रास असलेली तिसऱ्याच्याही आत. मेसेज जी वर्षं थांबायला सांगतो, तीच शिकायची.

मेंदूतली इजा वाढत नाही, हे खरं. हाडं मात्र वाढतात. ताठ स्नायू त्या वेगानं लांब होत नाहीत, मग टाच उचलते, गुडघा सरळ होत नाही. साधारण तीनातल्या एका मुलाचा खुबा वाटीतून हळूहळू सरकतो. सुरुवातीला दुखत नाही, म्हणून एक्स-रेशिवाय कळतही नाही. व्यायाम म्हणजे नुसतं टेबलावर झोपवून पाय ओढणं असेल, तर मेसेजवाल्याचा राग मला पटतो. मूल स्वतः काहीतरी मिळवायला धडपडतं, तेव्हा मेंदू शिकतो. ते काम घरात, सोप्यात आणि परड्यात होतं. जेवताना पाय लोंबकळत असतील तर खाली पाट सरकवा. पावलं टेकली की पाठ सावरते, हात मोकळे होतात. भाकरी करताना पिठाचा गोळा त्याच्याकडंही द्या, दोन्ही हातांनी थापू दे. आवडीचं खेळणं कट्ट्यावर ठेवा, उभं राहायला कारण मिळतं. (चिमटीसाठी चुरमुरे वेचायला देतात, गिळायला त्रास असलेल्या मुलाला ते नकोत.)

मालीश जरूर करा. मूल शांत होतं, झोपतं. फक्त तेलानं स्नायूत ताकद येत नाही. आणि 'कडक' नको: पाय धरून उलटं करणं, मान झटकन वळवणं बंद करा. डाऊन सिंड्रोममध्ये (गुणसूत्रांतल्या जन्मजात फरकामुळं होतो तो) मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात. तिथं झटका मज्जारज्जूवर बेततो.

वॉकरची विक्री कॅनडानं 2004 मध्येच बंद केली. त्यात मूल लटकून चवड्यांनी ढकलतं, आणि पोटऱ्या आधीच ताठ असतील तर तीच सवय लागते. जत्रेतला लाकडी पांगुळगाडा वेगळा, तिथं स्वतःचं वजन पेलावं लागतं. सटकत असेल तर त्यावर वाळूची पिशवी बांधा आणि जवळ बसा.

राहिले पैसे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 पासून आहे; त्यात अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा मोफत तपासणी ठरलेली आहे. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असेल तर नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' योजनेत 1 लाख रुपयांपर्यंत विमा मिळतो, थेरपीचाही काही खर्च त्यात बसतो. कन्नड फॉर्म बघून माघारी फिरलेली मराठी घरं मी बघितलीत, त्यातली काही थेट मिरजेला गेली. आधी अंगणवाडीच्या बाईंना किंवा आशाताईंना फॉर्म भरायला सोबत घ्या. आणि 'लोक बघतील' म्हणून तपासणीच्या दिवशी नेमकं तेच मूल घरी ठेवता, ते ठेवू नका.