साठ टक्के कशाचे? सॉल्व्हंटची वाफ आणि त्वचेविषयीचा एक दावा

“त्वचेला लागलेल्या कोणत्याही रसायनाचा 60 टक्के भाग अवघ्या 26 सेकंदांत रक्तात उतरतो,” हे वाक्य समाजमाध्यमांवर वर्षानुवर्षे फिरत आहे. आता ते रंग, थिनर आणि सफाईच्या द्रावणांतील सॉल्व्हंटच्या, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणाऱ्या द्रवांच्या, वाफेलाही लावले जाते आणि वाफ फुफ्फुसांपेक्षा त्वचेतूनच जास्त आत जाते, म्हणून तोंडावरचा मास्क निरुपयोगी असल्याचा निष्कर्ष काढला जातो. ज्यांना रोज या वाफेत काम करावे लागते त्यांच्या आरोग्याशी याचा थेट संबंध असल्याने या दाव्याचा प्रत्येक भाग तपासणे आवश्यक आहे.

पहिला प्रश्न 60 टक्क्यांचा. वाफेने भरलेल्या खोलीत त्वचेला सतत नवी वाफ मिळत राहते. मग हे टक्के नेमके कशाचे मोजायचे? म्हणूनच संशोधक टक्क्यांऐवजी वेग मोजतात, म्हणजे हवेतील ठरावीक प्रमाणाला त्वचेच्या एक चौरस सेंटिमीटरमधून तासाला किती द्रव्य आत जाते ते. हा वेग द्रव्यागणिक बदलतो, त्यामुळे “कोणत्याही रसायनाचा” एकच आकडा असूच शकत नाही.

26 सेकंदांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. त्वचेचा सर्वांत वरचा मृत थर पातळ असला तरी तो ओलांडायला रेणूंना वेळ लागतो, आणि हा वेळही प्रत्येक द्रव्याचा निराळा असतो.

त्वचेतून फुफ्फुसांपेक्षा जास्त वाफ जाते, हा मात्र दाव्याचा गंभीर भाग आहे. 1978 मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील प्रयोगात स्वयंसेवकांना पूर्ण चेहरा झाकणारे श्वसनयंत्र लावून 600 पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत 600 भाग) इतक्या तीव्र वाफेत साडेतीन तास ठेवले होते. श्वासाची वाट बंद असल्याने रक्तात जे सापडले ते त्वचेतूनच आलेले होते. टोल्यूइन, झायलीन यांसारख्या सॉल्व्हंटांच्या बाबतीत ही मात्रा श्वासावाटे गेली असती त्या मात्रेच्या काही टक्क्यांपलीकडे जात नव्हती. म्हणजे थिनरमधील या घटकांपासून योग्य प्रकारचा मास्क खरोखरच मोठे संरक्षण देतो.

तरीही “त्वचेची चिंता नको” असे उलट टोक गाठणे तितकेच चुकीचे ठरेल. सफाईच्या द्रावणांत आणि रंगांत वापरले जाणारे 2-ब्युटॉक्सिइथेनॉल पाण्यात विरघळते, सावकाश उडते आणि त्वचेतून सहज आत जाते. 1991 च्या स्वीडिश अभ्यासात चार पुरुषांवरील मोजमापांतून त्याच्या एकूण शोषणातील सुमारे तीन चतुर्थांश वाटा त्वचेचा असल्याचे अनुमान निघाले. मात्र त्यात रक्त बोट टोचून घेतले होते आणि ते बोटही वाफेतच होते. पुढे 1997 च्या अभ्यासात फक्त एक हात वाफेत ठेवून दोन्ही हातांचे रक्त तपासले, तेव्हा वाफेतल्या हाताच्या बोटातील प्रमाण दुसऱ्या हातापेक्षा कितीतरी पटींनी जास्त भरले, कारण बोटाचे रक्त तिथल्याच त्वचेतून आलेले द्रव्य दाखवत होते, संपूर्ण शरीराची स्थिती नव्हे. या दुरुस्तीनंतर त्वचेचा वाटा सुमारे 15 ते 27 टक्के ठरला. रक्ताचा नमुना कुठून घेतला, एवढ्या एका गोष्टीने निष्कर्ष असा बदलतो, आणि फिरत्या संदेशांत नेमकी हीच माहिती कधी नसते.

पुढे ब्रिटनमधील मोजमापांत सर्वसाधारण स्थितीत हा वाटा सरासरी 11 टक्क्यांच्या आसपास, तर उष्ण, दमट हवेत अंगभर कामाचे कपडे घातलेले असताना सुमारे 39 टक्के आढळला. कोकणच्या किनाऱ्यावरील दमट उन्हाळ्यात बंद खोलीत अशी द्रावणे वापरणाऱ्यांनी ही बाब विशेष लक्षात घ्यावी: अशा द्रव्यांसाठी मास्क हवाच, पण तो पुरेसा नाही, आणि साध्या कापडाच्या कपड्यांवर विसंबता येत नाही, खोलीतली वाफच कमी करावी लागते. हवेतील प्रमाणाच्या अधिकृत मर्यादा देताना काही द्रव्यांपुढे “त्वचा” अशी खूण केलेली असते, म्हणजे ती त्वचेतूनही लक्षणीय प्रमाणात आत जाऊ शकतात. ही खूण आपल्या द्रावणातील घटकांपुढे आहे का, हे डब्यासोबत मिळणाऱ्या सेफ्टी डेटा शीटमध्ये (सुरक्षिततेच्या माहितीपत्रकात) पाहावे आणि शीट मिळाली नसेल तर पुरवठादाराकडे मागावी.