“पॅनकेकचं पीठ, बाकी सगळी जाहिरात” या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या तयार पिठाबद्दलचा (म्हणजे चरबी, सोडा, आम्ल आणि मीठ आधीच मिसळलेल्या बेकिंग मिक्सबद्दलचा) तुमचा दोन ताऱ्यांचा अभिप्राय वाचला. पॅनकेक चिवट आणि कडवट झाले, चिकन स्ट्यूवरचे डम्पलिंग (रश्श्यावर वाफेत शिजणारे पिठाचे गोळे) आतून कच्चे राहिले, भाज्यांच्या ‘पाय’ला (दूध-अंड्यांत भाज्या घालून ओव्हनमध्ये भाजलेल्या पदार्थाला) पाणी सुटलं. म्हणून हे पीठ जेवणाच्या पदार्थांना चालत नाही, असं तुम्ही म्हणता. आमच्या मते ते चालतं. मात्र दूध किती घालायचं आणि आच कशी ठेवायची, हे पदार्थागणिक बदलतं.

आधी माप. २४० मिलीचा कप पाकिटात खुपसून दाबून भरला, तर १२० ग्रॅमऐवजी १५० ग्रॅमपर्यंत पीठ बसतं. मग दूध कमी पडतं आणि सगळंच घट्ट होतं. पीठ चमच्याने कपात सोडा आणि वरून सुरीने सपाट करा.

पॅनकेकला २ कप पीठ, १ कप दूध, २ अंडी. तुम्ही “फुगावेत म्हणून” अर्धा चमचा सोडा वरून घातलात, कडवटपणा तिथून आला. पाकिटातल्या पिठात सोडा आणि त्याला लागणारं आम्ल मोजून घातलेलं असतं. जास्तीच्या सोड्याला आम्ल मिळत नाही आणि त्याची साबणासारखी चव मागे राहते. चिवटपणा मात्र फेटण्याचा. बारीक गुठळ्या राहू द्या, भिजवलं की लगेच तव्यावर घाला.

डम्पलिंगचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळ्यात जास्त तक्रारी त्याच्याच येतात. २ कप पीठ आणि पाऊण कपाला किंचित कमी, म्हणजे १६० मिली दूध, काट्याने जेमतेम एकत्र करा. स्ट्यू मंद उकळत असताना एकेक मोठा चमचा गोळा चिकन-बटाट्याच्या तुकड्यांवर ठेवा. थेट रश्श्यात सोडला तर खालून चिखल होतो. खळखळ उकळीत गोळे फुटतात. उकळी थांबली तर ते फुगतच नाहीत. पहिली १० मिनिटं उघडं, पुढची १० मिनिटं घट्ट झाकण लावून. वरची बाजू वाफेवरच शिजते, त्यामुळे मधे झाकण उचललं की वाफ गेली आणि गाभा कच्चा राहिला. लिंबाएवढे गोळे केले तरी तेच होतं. रस्सा आधी दाट करू नका, गोळ्यांच्या पिठाने तो आपोआप दाटतो. आधीच दाट असेल तर तळाला लागतो. एक गोळा फोडून बघा: आत पावासारखी जाळी दिसली म्हणजे झालं.

पायमध्ये पिठाचा दोष नव्हता. त्यात पीठ असतं फक्त अर्धा कप. १ कप दूध आणि २ अंडी यांच्यावरच पाय धरतो. तुम्ही झुकिनी (काकडीसारखी दिसणारी भाजी) कच्ची आणि गोठवलेला पालक तसाच घातलात, त्यांचं पाणी ओव्हनमध्येच सुटलं. झुकिनी आधी परतून कोरडी करा, पालक वितळवून मुठीत घट्ट पिळा. पाणी शोषायला पीठ वाढवलंत तर पाय रबरी होईल. २३ सेंटिमीटरच्या ताटलीत, २०० अंश सेल्सिअसला ३० ते ३५ मिनिटं. मध्यभागी खुपसलेली सुरी स्वच्छ निघायला हवी. ५ मिनिटं थांबून कापा. पिठात मीठ आहेच, चीजमध्येही असतं. चाखल्याशिवाय वेगळं घालू नका.

हे पीठ सगळ्याला चालत नाही, हेही खरं. यीस्टच्या पावाला आणि व्हाइट सॉस दाट करायला साधा मैदाच घ्या.

उरलेलं पाकीट हवाबंद डब्यात, शक्यतो फ्रिजमध्ये ठेवा, कारण यातली चरबी खवट होते. जोर उरला आहे का हे बघायला चमचाभर पीठ गरम पाण्यात टाका. बुडबुडे आले नाहीत, तर पाकिटावरची पॅकिंगची तारीख आणि बॅच क्रमांक आम्हाला निरोपात कळवा, पाकीट बदलून देतो.