पट २३, हजर ९

गेल्या पंधरा दिवसांत एकच फॉरवर्ड मला चार ग्रुपांवर आला. पूर्व नागपुरातल्या आमच्या भागातली एक छोटी सरकारी शाळा, सहावी ते आठवी. वर रिकाम्या बाकांचा फोटो आणि खाली मजकूर: तिन्ही वर्ग मिळून पट ६८, त्यावर शिक्षक चार, म्हणजे कायद्यात ३५ मागे एक असताना इथे सतरा पोरांमागे एक, वर्गात पोरं नऊ, तीही ‘बाहेरची’, खिचडीपुरती येणारी, आठवीच्या निम्म्यांना भागाकार येत नाही, स्कॉलरशिपचा निकाल शून्य टक्के. म्हणून शाळा बंद करा, पोरं दीड किलोमीटरवरच्या शाळेत पाठवा.

मी तीन वर्षं दर शनिवारी सकाळी या शाळेत गणित घेतो, फुकट. तेव्हा माझा कल कुठे आहे ते धरूनच पुढचं वाचा.

आधी फोटो. दोन ग्रुपांवर फळ्याचा उजवा कोपरा कापून आला होता, पण बाकी दोन ठिकाणी तो शाबूत आहे. तिथे खडूने लिहिलंय: १६ जुलै, पट २३, हजर ९. म्हणजे फोटो एकाच वर्गाचा. जुलैचा मध्य म्हणजे धानाची रोवणी. इथल्या वस्तीतली बरीच घरं भंडारा, गोंदिया, बालाघाट, राजनांदगावकडची. रोवणीला अख्खं घर गावी जातं, पोर मागे कोणाजवळ ठेवणार? ऑगस्टमध्ये येतात परत. अपूर्णांक मला दोनदा शिकवावे लागतात, यात नुकसान आहेच आणि ते मी लपवत नाही. पण रोवणीच्या आठवड्यातल्या फोटोवरून शाळेत पोरंच नाहीत म्हणणं म्हणजे मे महिन्यात बाजारात जाऊन संत्री पिकतच नाहीत म्हणण्यासारखं आहे. यू-डायसची, म्हणजे सगळ्या शाळांच्या सरकारी नोंदीची, मोजणी ३० सप्टेंबर धरून होते, ती काय उगाच?

पटावर खोटी नावं असतात हा संशय मात्र हवेतला नाही. ३ ते ५ ऑक्टोबर २०११ ला राज्यभर पटपडताळणी झाली, एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटांना शाई लावली गेली, आणि खोट्या नावांचा मोठा आकडा बाहेर आला. आता पट धरताना नावं आधारशी जुळवून पाहतात. ६८ हा त्या गाळणीतून उतरलेला आकडा आहे.

‘सतरा पोरांमागे एक शिक्षक’ हा हिशेब कागदावर बरोबर आहे. शिक्षण हक्क कायदा या वर्गांना ३५ मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, म्हणजे ६८ ला दोन पुरले असते. पण वर्ग तीन आहेत. दोन शिक्षक ठेवले तर प्रत्येक तासाला एक वर्ग वाऱ्यावर. म्हणूनच कायद्यात दर वर्गाला किमान एक शिक्षक आहे, आणि विज्ञान-गणित, समाजशास्त्र, भाषा या तिन्हींना किमान एकेक शिक्षक हवा अशी वेगळी अट आहे. ३५ चा आकडा वाचणाऱ्याने त्याच परिशिष्टातली ही ओळ का गाळली, ते त्यालाच माहीत.

‘बाहेरची पोरं’ वाचून मला हसू आलं. नागपूर १९५६ पर्यंत मध्य प्रांताची, नंतरच्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. छत्तीसगड, बालाघाट, छिंदवाडा तेव्हा याच शहराच्या कारभाराखाली. इथली हिंदी कालच्या रेल्वेने आलेली नाही. पोरं घरी छत्तीसगढी, गल्लीत हिंदी आणि वर्गात मराठी बोलतात. पेपर मराठीत लिहितात.

खिचडीसाठी येत असतील तर येऊ द्या. पोषण आहार आठवीपर्यंत आहेच. भुकेल्या पोटी भागाकार येत नाही.

आता त्या भागाकाराकडे. निम्म्यांचा तो आकडा ‘असर’ या पोरांच्या वाचन-गणिताच्या पाहणीच्या अहवालाच्या बातम्यांतून उचललेला दिसतो. हा अहवाल ग्रामीण भारताचा असतो, पाहणी खेड्यातल्या घरांत होते. नागपूर शहरातलं एकही पोर त्यात नाही. इथेच थांबून मी वाद जिंकल्याचं दाखवू शकलो असतो. पण मागच्या वर्षी शाळा उघडली तेव्हा आठवीत मी फळ्यावर ७४२ भागिले ७ दिलं होतं. वर्गात १९ होते, ११ जणांनी उत्तर १६ लिहिलं. सातात सात एकदा, चाराला भाग जात नाही, तिथे शून्य मांडायचं, ते सगळ्यांनी गिळलं. म्हणजे आकडा चुकीच्या जागचा असला तरी दुखणं आमच्याही वर्गात आहे.

त्या अकरांपैकी सात जण सहावीला किंवा सातवीला दुसरीकडून आलेले. बहुतेक गल्लीतल्या कॉन्व्हेंटमधून. आपल्याकडे इंग्रजी पाटी असली की कुठलीही शाळा कॉन्व्हेंटच. बापाचं काम सुटतं, फी थकते, टीसी अडते. टीसीला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, असं कायदाच सांगतो, मग पोर इथे येतं. पाच-सहा वर्षं दुसरीकडे शिकलेल्या पोराची कच्ची पाटी याच शाळेच्या नावावर लावायची, हा कुठला हिशेब? जानेवारीत तोच भागाकार पुन्हा दिला. चौघांचं उत्तर तेव्हाही १६ च आलं. त्या चौघांचं मला अजून वाईट वाटतं.

स्कॉलरशिपला गेल्या वर्षी बसले दोन, निघाला एकही नाही. झाले शून्य टक्के. एक निघाला असता तर पन्नास टक्के म्हणून बॅनर लागला असता. दोन पोरांची टक्केवारी काढूच नये. त्याच वर्षी एक पोरगी एनएमएमएस या केंद्राच्या शिष्यवृत्ती परीक्षेत आली. तिला नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतील. फॉरवर्डमध्ये ती नाही.

राहिलं ते दीड किलोमीटर. कायद्याच्या नियमांतली तीन किलोमीटरची मर्यादा धरली तर अंतर नियमात बसतं. पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत आणि कळमना मार्केटच्या ट्रकांचा रस्ता. सातवीतल्या एका पोरीच्या आईला विचारलं. ती म्हणाली, “भाऊ, फाटकाजवळ मालगाडी उभी रायते तं पोरं डब्याखालून निघतात. पोराले एक वेळ पाठवीन, पोरीले नाही पाठवत. घरीच बसंन मंग ते.”

पट घसरतोय हे खरं आहे. खासगी शाळांतल्या २५ टक्के राखीव जागांचे प्रवेश पहिलीला किंवा त्याआधीच होतात, म्हणून याच वस्तीतली पोरं तिकडे वळतात आणि सहावीपर्यंत ती फट वर सरकत येते. त्यावर बोलायला मी तयार आहे. फॉरवर्ड लिहिणाऱ्याने शिक्षक चार मोजले, पण कोण काय शिकवतं ते विचारलं नाही. दोन भाषेचे, दोन समाजशास्त्राचे. गणित-विज्ञानाची जागा तीन वर्षं रिकामी आहे, म्हणून तर मी शनिवारी जातो.