आकड्यात मी कामाला आहे

दर महिन्याच्या पंधरा तारखेच्या आसपास आमच्या फॅमिली ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड येतो. काका म्हणजे माझे चुलत सासरे, सरकारी खात्यातून निवृत्त, जुनी पेन्शन. फॉरवर्डमध्ये तिरंगा असतो, वर चढणारा बाण असतो आणि बेरोजगारीचा आकडा असतो. कधी ३.२ टक्के, कधी ५.१, कधी ५.६. आकडा कुठला, कशाचा, कुठल्या काळाचा, याच्याशी काकांना देणंघेणं नाही. खालची ओळ मात्र ठरलेली: "काम करणाऱ्याला काम आहे. आजच्या पोरांना हातपाय हलवायला नकोत." मग तिघंचौघं अंगठे दाखवतात. आणि माझा दीर, सत्तावीस वर्षांचा, मेकॅनिकलचा बीई, ते वाचतो, काही बोलत नाही, मोबाईल उपडा ठेवतो आणि जेवण अर्धं सोडून उठतो.

मला तेव्हा त्या ग्रुपवर काय काय लिहावंसं वाटतं ते सुनेनं लिहायचं नसतं. म्हणून इथे लिहिते.

मी अर्थशास्त्रात एमए आहे. बार्शीजवळच्या एका गावात सासरची पिठाची गिरणी आहे, तिथे बसते. सकाळी साडेसातला पट्टा चढवायचा, डबे रांगेत लावायचे, कुणाची ज्वारी, कुणाचा गहू, कुणाचं "बारीक दळा हं, मागच्या वेळी रवा झाला होता" हे लक्षात ठेवायचं. हरभऱ्यावर कुणाचा गहू टाकला तर भांडण. मे महिन्यात शेजारच्या डंखावर मिरची कांडायची आणि रात्री दोनदा तोंड धुऊनही डोळे चुरचुरत झोपायचं. संध्याकाळी आरशात बघितलं तर पापण्यांवर पीठ. नवरा दुरुस्ती, वसुली आणि बाहेरचं बघतो. पगार? घरच्या गिरणीत पगार कसला.

तर हे काकांचे आकडे जिथून येतात तो सरकारी सर्व्हे, पीएलएफएस म्हणतात त्याला, नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षण, तो यंदा आमच्या घरी आला. टॅब घेऊन एक मुलगा आला, पाणीसुद्धा मागितल्याशिवाय घेईना इतका भिडस्त. मला विचारलं, "मॅडम, गेल्या सात दिवसांत काही काम केलं का?" म्हटलं, गिरणीत बसते. "पगार मिळतो?" नाही. "गिरणी कुणाची?" सासऱ्यांची. त्यानं टॅबवर टिचकी मारली. मी विचारलं, काय टाकलंत? म्हणाला, "एकवीस."

कोड २१. घरच्या धंद्यात बिनपगारी मदतनीस. आणि कोड २१ म्हणजे रोजगार असलेली व्यक्ती. आयटी कंपनीत दीड लाख घेणारी आणि मी, त्या तक्त्यात एकाच बाजूला. अभिनंदन.

मग दिराचा नंबर लागला. तो वर्षातले दहा महिने फॉर्म भरतो, परीक्षा देतो, निकालाची वाट बघतो. म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ तो बेकारच, कोड ८१, कामाच्या शोधात. इथवर ठीक. पण दिवाळीत भाजणीची गर्दी आणि उन्हाळ्यात मिरचीची, तेव्हा तो गिरणीत उभा राहतो. वर्षातून तीस दिवस जरी असं काम भरलं तरी ते "दुय्यम" काम म्हणून धरतात. आणि काकांचा तो वार्षिक ३.२ टक्क्यांचा आकडा मुख्य, म्हणजे वर्षाचा बहुतेक काळ जे केलं ते, आणि दुय्यम दोन्ही मिळून काढलेला. म्हणजे माझा दीर त्या हिशेबात बेकार नाही. दहा महिने वणवण, एक महिना मिरची, आणि झाला कामाला. आठवड्याचा हिशेब तर त्याहून दानशूर: सात दिवसांत एका दिवशी एक तास काम केलं असलं की पुरे. मी सोमवारी जेवायला गेले आणि त्यानं तासभर डबे सांभाळले, तर त्या आठवड्यात तो कामाला.

काकांचा कोड सांगू? ९४. पेन्शनर. काम करणारे आणि काम शोधणारे मिळून श्रमशक्ती, काका त्यातच नाहीत. बेरोजगारीच्या भागाकारात काका वरही नाहीत आणि खालीही नाहीत, फक्त फॉरवर्डमध्ये आहेत.

हे मी रागानं लिहितेय, पण हवेतलं लिहीत नाही. २०१७-१८ मध्ये या सर्व्हेत बेरोजगारीचा दर ६.१ टक्के आला होता. त्या अहवालाचं तेव्हा काय झालं ते आठवत असेल. तो बाहेर येईना म्हणून जानेवारी २०१९ मध्ये सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले, आणि अहवाल आला ३१ मे रोजी, लोकसभेचा निकाल लागून आठवडा झाल्यावर. पुढे दर उतरत गेला, २०२३-२४ ला ३.२. निम्म्याच्या जवळ. पेढे वाटा! पण त्याच अहवालात, त्याच सरकारी कागदावर, पुढे लिहिलंय की काम करणाऱ्यांपैकी घरच्या धंद्यात बिनपगारी राबणारे २०१७-१८ ला १३.६ टक्के होते, ते १९.४ टक्के झाले. दर पाच कामकऱ्यांत जवळपास एक जण माझ्यासारखा. महिना पगार घेणाऱ्यांचा वाटा वाढला नाही, उलट टक्काभर घटला. लपवलेलं काही नाही, तक्ता छापलेला आहे, कुणीही उघडावा. पण तक्त्यावर तिरंगा आणि बाण नसतो ना.

बायकांचं तर विचारूच नका. पंधरा वर्षांवरच्या बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग २३.३ टक्के होता, तो ४१.७ झाला. भाषणांत "नारीशक्ती" म्हणून हा आकडा फिरतो. बाई गं, त्या ४१.७ मध्ये मी आहे. मला विचारा शक्ती कुठे आली ती. खांद्यात. पन्नास किलोचं पोतं ओढून ओढून. आणि सीएमआयई नावाची खासगी संस्था असाच घरोघरी सर्व्हे करते, तिच्याकडे बायकांचा हाच सहभाग दहा टक्क्यांच्या आसपास रेंगाळत होता. एकच देश, त्याच बायका. कशाला काम म्हणायचं, मुख्य फरक तिथे.

टीव्हीवाल्यांचा राग वेगळा आहे. २०२५ च्या मे महिन्यापासून सरकार हे आकडे दर महिन्याला द्यायला लागलं. पहिला आला एप्रिलचा, ५.१ टक्के. लगेच एका चॅनलवर लाल पट्टी: बेरोजगारीचा भडका, ३.२ वरून थेट ५.१ वर! अरे, ३.२ हा वर्षभराच्या मोजपट्टीनं आणि ५.१ हा आठवड्याच्या. एक पायली आणि एक किलो. माझ्या गिरणीत कुणी पायलीनं ज्वारी आणून किलोनं पीठ मोजलं आणि "वाढलं वाढलं" म्हणून ओरडलं तर मी त्याला दाराबाहेर काढेन. मे-जूनला तोच मासिक आकडा ५.६ झाला आणि नंतर उतरला, तेव्हा दुसऱ्या बाजूच्यांनी ढोल वाजवले. शेतीची कामं पावसावर असतात, उन्हाळ्यात हाताला काम नसतं, हे सांगायला स्टुडिओत चार तज्ज्ञ बसवावे लागतात? आमच्या चौकातल्या कुणालाही विचारा.

आणि पीएफचे आकडे. "या महिन्यात इतक्या लाख नव्या नोकऱ्या!" पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो. एकोणीस माणसांच्या वर्कशॉपनं विसावा माणूस घेतला की विसाच्या वीस जण कागदावर नवीन. पंधरा वर्षं तिथे घासलेला फोरमनसुद्धा नवीन. पुढे जाते.

लॉकडाऊनचं मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. जुलै २०१९ ते जून २०२०, हे पीएलएफएसचं एक अख्खं वर्ष. डोक्यावर बोचकी घेऊन माणसं हायवेनं चालत गेली ते वर्ष. आमच्या गावात मुंबई-पुण्याहून किती पोरं परत आली ते मी डोळ्यांनी बघितलंय, गिरणीत अचानक डबे वाढले होते. त्या वर्षी बेरोजगारीचा वार्षिक दर किती आला? ४.८ टक्के. आदल्या वर्षी होता ५.८. उतरला! त्याच सर्व्हेच्या शहरी आठवड्याच्या आकड्यात एप्रिल-जूनला तो वीस टक्क्यांच्या वर होता. दोन्ही खरे, दोन्ही नियमानं काढलेले. वार्षिक हिशेब वर्षाचा बहुतेक काळ कशात गेला ते बघतो, आणि गावी आलेला पोरगा बापाच्या दोन एकरात उभा राहिला की तो शेतकरी. शेतीतल्या माणसांचा वाटा त्या एका वर्षात ४२.५ वरून ४५.६ टक्के झाला. जमीन तेवढीच होती हो. माणसं वाढली होती.

याला पुस्तकात "छुपी बेकारी" म्हणतात. शेतावर दोघांचं काम, राबतात पाच, तिघे काढले तरी पीक तेवढंच येतं. मी हे एमएला दहा मार्कांच्या उत्तरात लिहिलंय, आकृतीसकट. दांतवाला समितीवर टीपही लिहिली होती. १९७० सालीच त्या समितीनं सांगून ठेवलंय की आपल्यासारख्या देशात बेकारी एका आकड्यात मांडू नका, माणसं इथे नोकरीतून निघून घरी बसत नाहीत, काहीतरी करत राहतात. पाचपैकी चार मार्क मिळाले होते. आता ती आकृती माझ्या घरी गिरणी चालवते.

काकांना एकदा मी फार गोड आवाजात विचारलं होतं, "काका, बेकारी सगळ्यात कमी कुठे असेल?" म्हणाले, प्रगत राज्यांत. २०२३-२४ चा अहवाल काढा. मध्य प्रदेशात १ टक्का. झारखंडात १.३. महाराष्ट्रात ३.३. केरळात ७.२, आणि गोव्यात ८.५! मग काय, गोव्याच्या पोरांनी झारखंडात जायचं कामाला? ज्याच्या घरी चार महिने चूल पेटेल इतकं आहे तो मनासारख्या नोकरीची वाट बघू शकतो, आणि तो बेकार म्हणून मोजला जातो. ज्याच्या घरी उद्याचं नाही तो वाट बघतच नाही, मिळेल ते करतो, शेण गोळा करतो, हातगाडी ढकलतो. तो कामाला. बेकार राहायला ऐपत लागते. काका म्हणाले, "तू फार वाचतेस."

त्यांच्या "पोरांना काम नको"चंही ऐका. २०२३ ला तलाठी भरती निघाली, ४,६४४ जागा. अर्ज दहा लाखांवर. खुल्या प्रवर्गाला फी हजार रुपये, राखीवला नऊशे. आमच्या दिरानं ते हजार माझ्याकडून घेतले होते, मी गिरणीच्या गल्ल्यातून काढले होते आणि वहीत "पट्टा दुरुस्ती" लिहिलं होतं. दहा लाख पोरं हजार-नऊशे मोजून एका तलाठ्याच्या खुर्चीकडे धावतात आणि काका म्हणतात हातपाय हलवायला नकोत. त्याच ३.२ वाल्या अहवालात पंधरा ते एकोणतीस वयाच्यांचा दर १०.२ आहे. तो कधी फॉरवर्ड होत नाही.

आता कुणी शहाणा म्हणेल, अहो ताई, घरच्या धंद्यातलं बाईचं राबणं काम म्हणून मोजतात हे चांगलंच नाही का? पूर्वी तर कुणी मोजतही नव्हतं. बरोबर आहे. मलाही एकवीस ऐकून क्षणभर बरं वाटलं होतं, खोटं का बोलू. कुणीतरी टॅबवर का होईना लिहिलं की ही बाई काम करते. म्हणून त्याच आठवड्यात धीर करून सासऱ्यांना म्हटलं, मला महिन्याला काही ठरावीक द्या, पाच हजार द्या. ते हसले. वाईट माणूस नाही, खरंच हसले. म्हणाले, "अगं, घरचंच आहे की. तू काय कामाला आहेस का?"

म्हणजे दिल्लीच्या आकड्यात मी कामाला आणि गल्ल्यापाशी मी घरची. मोजताना मजूर, वाटताना सून. दोन्हीकडून दळण फुकट.

या सर्व्हेत आता निवडलेल्या घरी लागोपाठ चार महिने येतात. तो मुलगा पुढच्या महिन्यात परत आला. मी गिरणीत होते, पट्टा चालू होता, हाक मारली तरी ऐकू येत नाही. घरी सासूबाई होत्या. संध्याकाळी मीच विचारलं, काय विचारत होता हो? म्हणाल्या, "तेच गं मागचंच. सून काय करते म्हणाला. मी सांगितलं, काही नाही करत, घरीच असते."

त्यानं काय टाकलं असेल ते मला पाठ आहे. ९२, घरकाम. म्हणजे गेल्या महिन्यात लागलेली नोकरी मी सोडली. श्रमशक्तीतूनच बाहेर पडले, त्यामुळे बेकारही नाही. केस झटकले तर सासूबाई म्हणाल्या, "बाहेर झटक ना, फरशी आत्ताच पुसलीय." तेवढ्यात ग्रुपवर काकांचा फॉरवर्ड वाजला.