महोत्सवावर शासनाचा फलक, पण पेटी कोणी तपासली?

आंब्याचा हंगाम आला की मुंबईत एक मेसेज फिरू लागतो : ‘शासनाच्या आंबा महोत्सवातूनच हापूस घ्या. माल सरकारने तपासलेला असतो, कार्बाइड नसते, वजन चोख, शिवाय बाजार समितीची देखरेख.’ महोत्सवातून जरूर घ्या, बागायतदाराच्या हाती थेट पैसे पडतात. पण मेसेजवर विसंबून घेऊ नका.

‘तपासलेला असतो.’ राज्याचे कृषी पणन मंडळ महोत्सव भरवते, आयोजकांना अनुदान देते. पेट्या उघडून तपासणे हे त्याचे काम नाही. अन्न व औषध प्रशासनाने नमुना घेतलाच, तर त्याचे चार भाग होतात, एक विश्लेषकाकडे जातो आणि अहवालाला कायद्याने १४ दिवसांची मुदत आहे. तोवर आंबा खाऊन झालेला असतो. साका, म्हणजे गरातला पांढरट स्पंजासारखा दोष, तर फळ कापल्याशिवाय कळतच नाही.

‘कार्बाइड नसते.’ कार्बाइडने फळ पिकवण्यावर बंदी देशभर आहे, महोत्सवापुरती नाही. पिकवायला इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत १०० भाग) चालतो. साल पिवळीधमक, पण देठाशी वास नाही आणि फळ कडक, तर ते कोवळे उतरवून घाईने पिकवलेले असण्याचा संभव मोठा.

‘वजन चोख.’ सर्वांत जास्त फसगत इथेच होते, कारण हापूस डझनावर जातो आणि काटा मध्ये येतच नाही. २५० ग्रॅमच्या फळांचा डझन ३ किलो भरतो, १८० ग्रॅमच्या फळांचा २ किलो १६० ग्रॅम. भाव तोच लावला, तर ८४० ग्रॅम गेले. म्हणून आधी फळाचे वजन विचारा आणि पेटीचा खालचा थर वर काढायला लावा. मोठी फळे वर रचलेली असतात. किलोवर घेताना काट्याचे वैधमापनचे (वजने-मापे तपासणाऱ्या सरकारी विभागाचे) प्रमाणपत्र पाहा, इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरपडताळणी दर १२ महिन्यांनी लागते. मांडवातल्या हलत्या फळीवर काटा तिरका बसला, तर शिक्का असूनही वजन चुकते. रिकाम्या काट्यावर शून्य आहे ना ते बघा, मग पाण्याची सीलबंद १ लिटरची बाटली ठेवा. आकडा १ किलोच्या किंचित वर हवा. १ किलो १०० ग्रॅम दिसले, तर पुढच्या गाळ्यावर जा.

‘बाजार समितीची देखरेख.’ फळे-भाजीपाला २०१६ मध्येच राज्यात नियमनमुक्त झाला, म्हणजे तो समितीच्या आवारातच विकण्याची सक्ती गेली. आवाराबाहेरच्या विक्रीवर समितीचे नियंत्रण नाही.

‘देवगड’ म्हणून विकणाऱ्याचा सातबारा खरा असला, तरी समोरची पेटी त्याच बागेतली आहे, हे सातबारा सांगत नाही. पावतीवर विक्रेत्याचे नाव, गाळा क्रमांक आणि डझन की किलो, हे लिहून घ्या. मांडव उठल्यावर तक्रारीला तेवढाच कागद हाती असतो.