'अरे'ला 'का रे'

"हल्ली फार उलट बोलायला लागलीये ही." गेल्या वर्षभरात मी हे इतक्यांदा म्हटलं की शेवटी लेकच म्हणाली, "तू पण उलटच बोलतेस, आई. तुला फक्त कोणी तसं म्हणत नाही." आधी राग आला. रात्री भांडी आवरताना वाटलं, खोटं काय बोलली?

किशोरवयात मेंदूतला भावनांचा भाग जोरात असतो आणि लगाम ओढणारा कपाळामागचा भाग साधारण २५ वर्षांपर्यंत घडत राहतो, हे आता बहुतेकांनी ऐकलंय. (भांडणात "तुझा मेंदू अजून कच्चा आहे" हे ऐकवून पाहिलंय. तुम्ही नका ऐकवू.)

मला खरी वाट सापडली ती ज्युडिथ स्मेटाना या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीत. चोरी, मारामारी, जिवाला धोका असल्या गोष्टींत आईबापांनी नियम घालावेत, हे बहुतेक मुलांना मान्य असतं. ठिणगी पडते ती खोली, कपडे, केस, मैत्रिणी यांवरून. आपल्याला ती शिस्तीची बाब वाटते. त्यांच्या लेखी तिथे आपला संबंधच नसतो. मी एका आठवड्यातली आमची भांडणं लिहून काढली. नऊ निघाली. त्यातली सात खोली आणि केसांवरून! एवढ्यासाठी मी घसा बसवून घेत होते.

दुसरी गोष्ट जरा झोंबणारी आहे. जेराल्ड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी घराघरांतली अशी भांडणं बारकाईने पाहिली आणि त्यांतलं चक्र दाखवलं. मी काहीतरी सांगते, ती नाही म्हणते, मी आवाज चढवते, ती दार आपटते, मी वैतागून नाद सोडते. ती काय शिकली? दार आपटलं की सुटका होते. दुसऱ्या दिवशी मी इतकी ओरडते की ती मुकाट उठते. आता शिकायची पाळी माझी: ओरडलं की काम होतं. पुढच्या वेळी दोघींचीही सुरुवात वरच्या पट्टीतच.

"मग काय डोक्यावर बसवायचं?" असं एका ताईंनी विचारलं. नाही हो. घरी कधी येणार ते सांगायचं, रात्री फोन खोलीबाहेर, आणि रागावलं तरी घाण बोलायचं नाही, हे तीन नियम पक्के आहेत. शेवटचा मलाही लागू आहे आणि तोच मला सगळ्यात जड जातो. सांगायचं ते एकदाच, थोडक्यात, आणि तिथून निघून जायचं. पाच मिनिटांनी ती कुरकुरत का होईना, करते. तिथे उभी राहिले तर कधीच नाही.

पण सगळंच 'वय आहे' म्हणून सोडून देऊ नका. या वयातलं नैराश्य रडण्यापेक्षा चिडचिडीतूनही दिसतं. मूल एकाएकी बदललं, झोप-जेवण बिघडलं, मित्र तुटले, किंवा महिनोन्‌महिने घरीदारी सगळ्यांशीच खटके उडत असतील तर समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. आणि स्वतःला इजा करण्याची, मरणाची भाषा आली तर त्याच दिवशी. 'धमकी देतेय' म्हणून सोडायचं नाही.

खोलीचं दार मी आता नुसतं ओढून घेते. केसांचं मात्र अजून जमत नाही. कालच पुन्हा बोलून बसले.