‘ती तिथे गेलीच कशाला?’ : एका फॉरवर्डचा मुद्देसूद प्रतिवाद

कॉलेजच्या आवारातल्या लैंगिक अत्याचाराची बातमी आली की दोन दिवसांत एक मेसेज घरोघरच्या ग्रुपवर फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच राहतो: ‘झालं ते वाईटच. पण एवढ्या रात्री मुलगी बाहेर गेलीच कशाला? मित्रांबरोबर पिऊन गेली म्हणजे तयारी होतीच. खरंच जबरदस्ती झाली असती तर ओरडली असती, त्याच दिवशी तक्रार केली असती. अशा निम्म्या केसेस खोट्या असतात. कॉलेजच्या समित्या मुलाचं आयुष्य मातीत घालतात. आणि नाव का लपवतात?’

हा मेसेज पाठवणारे बहुधा आईवडील, काका-मामा, शिक्षक असतात आणि त्यांना मुलींची काळजी असते. पण त्याच ग्रुपवर एखादी मुलगी अशीही असते, जिच्या बाबतीत हे घडलंय आणि तिने अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आपल्या माणसांकडे गेलो तर पहिला प्रश्न कोणता येईल, हे तिला तिथेच कळतं. म्हणून या मेसेजचं एकेक वाक्य तपासून पाहायला हवं.

‘एवढ्या रात्री बाहेर का गेली?’

२३ डिसेंबर २०२४, चेन्नईचं अण्णा विद्यापीठ. वेळ रात्री आठच्या सुमाराची, जागा विद्यापीठाच्या आवारातली. विद्यार्थिनी आपल्या मित्राबरोबर होती. बाहेरून आत आलेल्या एका माणसाने दोघांना धमकावलं आणि तिच्यावर अत्याचार केला. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणारी डॉक्टर ड्युटीवर होती, रुग्णालयाच्या सेमिनार हॉलमध्ये. तिथेच तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला. या दोघींनी कुठे असायला हवं होतं? एक स्वतःच्या विद्यापीठात होती, दुसरी स्वतःच्या कामावर.

कोलकात्याच्या घटनेनंतर राज्य सरकारने स्त्री डॉक्टरांना शक्यतो रात्रपाळी देऊ नये असं सुचवलं. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर आक्षेप घेतला: सुरक्षा पुरवणं सरकारचं काम आहे, बायकांना रात्रीचं काम करू नका असं सांगता येणार नाही.

अंधारात दबा धरून बसलेला अनोळखी माणूस हे चित्रही अपुरं आहे. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या) आकडेवारीत बलात्काराच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रकरणांत आरोपी वर्षानुवर्षं ओळखीतलाच निघतो: नातेवाईक, शेजारी, मित्र, सहकारी. हॉस्टेलचं गेट साडेसातला बंद केल्याने वर्गमित्र, सीनियर किंवा मार्गदर्शक प्राध्यापक यांच्यापासून संरक्षण मिळत नाही. उलट उशीर झालेली मुलगी रेक्टरच्या भीतीने रात्र बाहेर काढते, आणि काही घडलं तर नियम मोडल्याची शिक्षा होईल म्हणून गप्प बसते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५ च्या विनियमांत हे स्पष्ट शब्दांत आहे: सुरक्षेचं कारण देऊन हॉस्टेलमधल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळे, भेदभावाचे नियम लादता येत नाहीत. किती हॉस्टेलं हा नियम पाळतात, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच विचारावं.

‘पिऊन गेली म्हणजे तयारी होतीच’

हे वाक्य फक्त व्हॉट्सॲपवर नाही, न्यायालयाच्या आदेशातही आलंय. नोएडातल्या एका विद्यापीठाची एमएची विद्यार्थिनी सप्टेंबर २०२४ मध्ये मैत्रिणींबरोबर दिल्लीच्या एका बारमध्ये गेली होती. ओळखीच्या माणसाने नंतर बलात्कार केला, अशी तिची तक्रार. मार्च २०२५ मध्ये आरोपीला जामीन देताना अलाहाबाद उच्च न्यायालयाने लिहिलं की तिने स्वतःच संकट ओढवून घेतलं आणि त्याला तीही जबाबदार आहे. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने या भाषेवर नापसंती व्यक्त केली: जामीन द्यायचा तर द्या, पण असली शेरेबाजी कशाला?

आरोप खरा की खोटा हे खटल्यात ठरेल. पण दारूबद्दल कायदा काय म्हणतो ते ठरलेलं आहे. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम ६३ नुसार नशेमुळे जिला आपण कशाला होकार देतोय हे समजत नाही, तिचा होकार हा होकारच नव्हे. म्हणजे तिने घेतलेली दारू ही आरोपीची बाजू भक्कम करत नाही, कमकुवत करते. मेसेजने गणित नेमकं उलटं मांडलंय.

‘मग ओरडली का नाही?’

या प्रश्नाचा इतिहास महाराष्ट्रातलाच आहे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना सोडलं. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, प्रतिकाराच्या खुणा नव्हत्या, हा त्यामागचा एक आधार. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धगमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांतला फरक त्यांनी दाखवून दिला. देशभर आंदोलन झालं आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. आज कलम ६३ च्या स्पष्टीकरणातच लिहिलेलं आहे की केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती होती असं मानता येणार नाही.

शरीराची बाजूही पाहा. अतिभीतीत स्नायू ताठरतात, आवाज फुटत नाही, हालचाल थांबते. स्टॉकहोमच्या एका तातडीच्या उपचार केंद्रात बलात्कारानंतर आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी शरीर लक्षणीय प्रमाणात गोठल्याचं सांगितलं. हातपाय गळाले, वाचा बसली असं आपण रोजच्या बोलण्यात म्हणतोच. अपघाताच्या वेळी ते आपल्याला पटतं. इथेच का पटू नये?

‘त्याच दिवशी तक्रार का केली नाही?’

इथे थांबून सविस्तर बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी ७७ टक्के स्त्रियांनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितलं. ‘लोक काय म्हणतील’ यातले लोक म्हणजे असे मेसेज पाठवणारे आपणच. उशीर आपण घडवायचा आणि मग तोच उशीर तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून दाखवायचा, असा हा प्रकार आहे. गुरमीत सिंग खटल्यात १९९६ सालीच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बदनामीच्या भीतीने आणि घरच्यांच्या विचारविनिमयात तक्रारीला उशीर होणं स्वाभाविक आहे, तेवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. बलात्काराचा गुन्हा नोंदवायला कायद्यात मुदतच नाही.

मुदत आहे ती पुराव्यांना. ज्या घरात, ज्या मैत्रिणीकडे मुलगी पहिल्यांदा बोलेल, त्यांना पुढचं माहीत हवं.

वैद्यकीय नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेतले जातात. जितकं लवकर, तितकं चांगलं. गुंगीचं औषध दिल्याचा संशय असेल तर लघवी आणि रक्ताचे नमुने त्याच दिवशी द्यावेत, कारण काही औषधं बारा तासांतच शरीरातून निघून जातात. तपासणीआधी अंघोळ करू नये, कपडे धुऊ नयेत. आंघोळ झाली असली तरी दवाखान्यात जावंच. कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नयेत. ओल राहून बुरशी धरते आणि नमुना खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पिशवीत ठेवावा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात, गर्भधारणा टाळण्याची गोळीही लवकरात लवकर.

पोलिसांत जायचं की नाही हे ठरलेलं नसलं तरी उपचार मिळतात. खासगी रुग्णालयानेही ते मोफत द्यायचे आहेत, आणि नाकारले तर तो न्याय संहितेच्या कलम २०० खाली गुन्हा आहे. ‘टू फिंगर टेस्ट’ (योनीत दोन बोटं घालून करायची तपासणी) कुणी करू लागलं तर ठाम नकार द्यावा. ती चाचणी करणाऱ्याला गैरवर्तनासाठी जबाबदार धरावं, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलंय.

चॅट, कॉलची नोंद, फोटो काहीही डिलीट करू नये, रागाच्या भरात आरोपीला ब्लॉक करण्याआधी सगळं जपून ठेवावं. सीसीटीव्हीचं फुटेज अनेक ठिकाणी पंधरा दिवस ते महिन्याभरात आपोआप पुसलं जातं, त्यामुळे ते राखून ठेवा असा लेखी अर्ज पहिल्या आठवड्यातच कॉलेजला द्यावा आणि पोच घ्यावी.

‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही: कोणत्याही ठाण्यात झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न पाहता गुन्ह्याची नोंद, होते. बलात्काराची तक्रार स्त्री पोलीस अधिकाऱ्याने नोंदवायची असते, जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल त्या जागी घेता येतो, एफआयआरची प्रत मोफत मिळते. नोंद टाळणाऱ्या अधिकाऱ्याला कलम १९९ खाली शिक्षा आहे. वकील परवडत नाही म्हणून अडू नये. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे मात्र मुदत आहे, घटनेपासून तीन महिन्यांची. प्रसंग वारंवार घडले असतील तर शेवटच्या प्रसंगापासून मोजायची. कारणं लेखी नोंदवून समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. पोलिसांत तक्रार असली तरी समितीकडे करता येते, दोन्ही वाटा एकाच वेळी खुल्या आहेत.

‘निम्म्या केसेस खोट्या’

बलात्काराच्या खटल्यांत शिक्षेचं प्रमाण देशात २०१८ ते २०२२ या काळात २७-२८ टक्क्यांच्या आसपास होतं. मेसेज उरलेल्या सगळ्यांना खोटं ठरवून मोकळा होतो. निर्दोष सुटका म्हणजे गुन्हा संशयापलीकडे सिद्ध झाला नाही. साक्षीदार फिरतात, नमुने प्रयोगशाळेत पडून राहतात, मुलगी शिक्षण संपवून दुसऱ्या गावी जाते. तक्रार खोटी होती, हा निष्कर्ष वेगळा काढावा लागतो.

खोट्या तक्रारी नसतातच असं नाही. पण त्या कुठून येतात तेही पाहावं. ‘द हिंदू’ने दिल्लीतल्या २०१३ च्या निकालांचा अभ्यास २०१४ मध्ये छापला. पूर्ण सुनावणी झालेल्या ४६० खटल्यांपैकी १८९ मध्ये मुलगा-मुलगी राजीखुशीने एकत्र होते आणि तक्रार बहुतांशी मुलीच्या घरच्यांनी केलेली होती. लग्नाला विरोध असलेल्या आईबापांच्या या तक्रारी. त्यांचा दोष वसतिगृहातून एकटीने समितीपुढे येणाऱ्या मुलीच्या माथी मारणं अन्यायाचं आहे.

‘समित्या मुलाचं आयुष्य मातीत घालतात’

समिती कशी असते ते बहुतेकांना माहीतच नसतं. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री प्राध्यापक. दोन शिक्षक, दोन शिक्षकेतर कर्मचारी, विषयाची जाण असलेला एक बाहेरचा सदस्य, आणि प्रकरण विद्यार्थ्यांचं असेल तर निवडून आलेले तीन विद्यार्थी. निम्म्या तरी स्त्रिया. कुलगुरू, कुलसचिव, अधिष्ठाता, विभागप्रमुख यांना समितीत बसता येत नाही, म्हणजे दाबादाबीला वाव कमी. आरोपीला सात दिवसांत तक्रारीची प्रत, उत्तराला दहा दिवस, चौकशी ९० दिवसांत पूर्ण. निकाल मान्य नसेल तर अपील. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून मुलीवर कारवाई होत नाही. ती जाणूनबुजून खोटी होती असं चौकशीत ठरलं तर होते.

घाईने केलेली चौकशी टिकत नाही, हे गोव्यात दिसलंय. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींनी तक्रारी केल्या, त्याला सेवेतून काढलं गेलं. पण बाजू मांडायची पुरेशी संधी दिली नाही म्हणून मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला आणि चौकशी पुन्हा करायला सांगितली. चौदा वर्षं गेली. तक्रार करणाऱ्या मुलींना न्याय मिळाला नाही, आरोपीचाही निकाल लागला नाही. मुलाची खरोखर काळजी असेल तर समिती नीट चालावी म्हणून आग्रह धरावा.

कुठे बिघडतं? बाहेरचा सदस्य फक्त कागदावर असतो. विद्यार्थी सदस्य प्राचार्य नेमतात, निवडून येत नाहीत. दोघांना समोरासमोर बसवतात. ‘मिटवून घ्या’ म्हणतात; समेट मुलीने स्वतःहून मागितला तरच करता येतो, आणि पैसे देऊन कधीच नाही. चौकशी चालू असताना आरोपी तिचे पेपर तपासत राहतो, खरं तर समितीच्या शिफारशीवरून त्याला त्यापासून दूर ठेवता येतं आणि तिला तीन महिन्यांपर्यंत रजाही देता येते.

‘नाव का लपवतात?’

कारण नाव छापणं किंवा पसरवणं न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद. ओळख पटेल असा कोणताही तपशील त्यात येतो आणि सोशल मीडियावरही हाच नियम लागू असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय. अण्णा विद्यापीठाच्या प्रकरणात एफआयआरच फुटली, मुलीची ओळख राज्यभर फिरली. मद्रास उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, एफआयआरच्या भाषेतून तिलाच दोष दिल्याबद्दल सुनावलं, तीन स्त्री आयपीएस अधिकाऱ्यांचं तपास पथक नेमलं आणि तिला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई द्यायला लावली. तिने दुसऱ्याच दिवशी तक्रार केली होती. २ जून २०२५ ला आरोपीला जन्मठेप झाली, किमान ३० वर्षं सुटका नाही.

त्या एफआयआरचे स्क्रीनशॉट ‘माहितीसाठी’ म्हणून पुढे पाठवणारेही कलम ७२ च्या कक्षेत येतात. असा स्क्रीनशॉट तुमच्या ग्रुपवर आला तर तो पुढे पाठवू नका, ॲडमिनला काढायला सांगा, आणि कुणी तिचं नाव विचारलं तर सांगू नका.